आधी अंदाज, मग उत्तर

ओव्हाळ सरांना किती वाजले हे विचारायची सोय नव्हती. मनगटावर घड्याळ असायचं, चालूही असायचं, पण कुणी विचारलं की सर तो हात झटकन पाठीमागे न्यायचे आणि म्हणायचे, "आधी अंदाज सांगा." समोरचा घाईत आहे, त्याची एसटी स्टँडातून निघाली आहे, याचं त्यांना काही नव्हतं. माणसाने इकडेतिकडे बघायचं, सावली कुठवर आली ते पाहायचं, चार आकडेमोडी करायच्या आणि एक वेळ सांगायची. मग सर पाठीमागचा हात पुढे आणून घड्याळ दाखवायचे. तोवर एसटी गेलेली असायची.

इंदापूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि मी रसायनशास्त्र. दोन प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत, त्यामुळे ही "आधी अंदाज"ची आरोळी मला दिवसभर ऐकू यायची. पोरं चाचणीचे गुण विचारायला आली की आधी अंदाज. शिपाई प्राचार्यांचं बोलावणं घेऊन आला की, "कशाला बोलावलं असंल? अंदाज सांग." एकदा त्यांना ताप आला होता. डॉक्टरांनी काखेतला थर्मामीटर काढायला हात पुढे केला, तर सरांनीच तो काढून मुठीत लपवला. डॉक्टरांना अंदाज सांगावा लागला, तेव्हा थर्मामीटर मिळाला. त्यांच्या बहिणीच्या बाळंतपणात तर कहरच झाला. नर्स बाहेर येऊन तोंड उघडणार तोच सरांनी तिला हाताने थोपवलं आणि बाकड्यावरच्या पाहुण्यांना मुलगा की मुलगी याचे अंदाज विचारायला सुरुवात केली. बहिणीचे सासरे काठी घेऊन उठले होते म्हणतात.

मी मात्र त्यांना कधीच अंदाज दिला नाही. मला त्या खेळाचा रागच यायचा. ते विचारायचे, "शेंडगे मॅडम, काय वाटतं?" आणि मी सांगायचे, "सर, मी रसायनवाली. आमच्याकडे अंदाजाने काही केलं की तोंडावर उडतं." यावर ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. चिकाटी दांडगी.

सर मूळचे बावड्याचे. तिथे म्हातारी आई असायची. इंदापुरात ते एका खोलीत एकटेच राहायचे. लग्न झालं होतं, बायको लवकर गेली, पुन्हा केलं नाही. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि एक पुस्तक. पुस्तकं बरीच होती, पण ते एक पुस्तक उशीएवढं जाड होतं आणि त्याचा वापरही कधी कधी तसाच व्हायचा. अमेरिकेतल्या कॉलेजांत लावलेलं भौतिकशास्त्राचं पाठ्यपुस्तक, पुण्याच्या फुटपाथवर जुन्यात मिळालेलं. त्याच्या मागच्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. सुरुवातीला तीन डब्ल्यू. भौतिकशास्त्रात डब्ल्यू म्हणजे कार्य. कार्याचा घन कुठल्या सूत्रात येतो, हे शोधण्यात सरांनी दिवाळीची अख्खी सुट्टी घालवली. मग एक दिवस स्टाफरूममध्ये ते पान माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "हे काय असंल?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळोचीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा धाकटा दीर संजू कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा आणि त्याने नुकतंच इंटरनेट घेतलं होतं, म्हणून एवढं मला कळत होतं. म्हटलं, "सर, हे सूत्र नाही, पत्ता आहे." पुढचं वाक्य मी बोलायला नको होतं. मी म्हटलं, "या शनिवारी आमच्याकडे."

त्यानंतर प्रत्येक शनिवारी, अर्ध्या दिवसाचं कॉलेज सुटलं की, सर माझ्याबरोबर बारामतीच्या एसटीत. मांडीवर ते पुस्तक, नवऱ्यामुलाने नारळ धरावा तसं दोन्ही हातांनी धरलेलं.

त्या पत्त्यावर पुस्तकाच्या प्रत्येक धड्याला जोडून हलती चित्रं होती. गाडी उतारावरून येते, चेंडू छतावरून पडतो, दोरीला बांधलेला दगड फिरता फिरता सुटतो. पण चित्र आपणहून हलत नसे. आधी प्रश्न यायचा: पुढे काय होईल, तुला काय वाटतं? तीन पर्याय. एक निवडला की तो तिकडे अमेरिकेत जायचा आणि मग तिकडून पुढचं चित्र सावकाश, ओळ ओळ करत यायचं. निवडलं नाही, तर काहीच यायचं नाही.

"मॅडम," पहिल्या शनिवारी सर माझ्याकडे वळून म्हणाले, "हे माझंच हाय की!" डोळे असे की लहानपणी जत्रेत हरवलेला भाऊ सापडलाय. म्हणजे हे खूळ पुस्तक येण्याआधीपासूनचं होतं. अमेरिकेत आणखी कुणालातरी तेच लागलं होतं एवढंच.

सासूबाईंना सर आवडायचे, पण त्यांचं इंटरनेट नाही. घरात फोनची एकच लाईन. इंटरनेट चालू असताना स्वयंपाकघरातला फोन उचलला की पुढच्या खोलीतलं बंद पडायचं. सासूबाईंना शनिवारीच नेमकी बहिणीची आठवण यायची.

असं वर्षभर चाललं. मग जानेवारीतल्या एका शनिवारी पानाच्या वर एक नवीन चौकट दिसली. संजूने वाचून सांगितलं, "सर, पुस्तकाची नवी आवृत्ती आलीया. जुन्या आवृत्तीचं हे सगळं या महिन्याच्या शेवटच्या दिवशी बंद."

 सरांनी पुस्तक उघडलं, मागचं पान काढलं, तो पत्ता अजून तिथेच आहे का ते पाहिलं. तो होता. छापलेला कुठे जाणार?

पुढच्या शनिवारी ते आले ते फ्लॉपींचा डबा घेऊन. संजू क्लासात शिकवत होता, तेव्हा सरांनी स्वतःच पडद्यावर ज्याच्यावर दाबलं की ते पान उघडायचं, ते त्या पत्त्याचं छोटं चित्र एकेका फ्लॉपीत उतरवलं, वर धड्यांची नावं लिहिली आणि खुशीत घरी गेले. सोमवारी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पहिली फ्लॉपी घातली, तर तिच्यात नुसतं ते बोटाएवढं चित्र. दाबलं की काही नाही. सगळ्या फ्लॉपींत तेच चित्र, नावं मात्र वेगळी. सरांनी सगळा धान्यबाजार सोडून पाटी उचलून आणली होती. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

संजूने दुसऱ्या काही युक्त्या करून पाहिल्या. प्रश्न साठवता येत होते, उत्तरं येत नव्हती. ती तिकडूनच यायची.

मग सरांनी ठरवलं. बारावीच्या पोरांना एक तरी चित्र प्रत्यक्ष दाखवायचं. आमच्याकडे सायन्सला पंधरा-सोळा पोरंपोरी, प्रयोगशाळेत धड दोन लोलक. एक प्रश्न त्यांनी वर्षभर मुद्दाम शिल्लक ठेवला होता, स्वतःही न बघता. दोन घसरगुंड्या शेजारी शेजारी. दोन गोट्या सारख्याच वेगाने निघतात. एकीची वाट शेवटपर्यंत सपाट. दुसरीच्या वाटेत मध्ये खड्डा. ती खाली जाते, परत तेवढीच वर येते आणि पुढे जाते. आधी कोण पोचेल?

"गणित मांडून बघितलं असेल तुम्ही," मी म्हटलं.

"न्हाय मांडलं. मला कळलं तर पोरांसंगं अंदाज कसा बांधणार?"

अडचण ही होती की महिन्याचा शेवट रविवारी येत होता आणि नेमक्या त्या शनिवार-रविवारी जळोचीतल्या फोनच्या लाईनी दुरुस्तीसाठी बंद राहणार होत्या. सर प्राचार्यांकडे सोमवारी सहल न्यायची परवानगी मागायला गेले. मीही होते. प्राचार्य म्हणाले, "ओव्हाळ, सोमवारी तर महिना संपलेला असेल की."

"आपला संपलेला असंल, सर. त्यांचा अजून चालू असंल." सरांनी टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला. अमेरिकेत मध्यरात्र होईल तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ, साडेदहाच्या सुमारास. तोवर जुनी आवृत्ती जिवंत. प्राचार्यांनी गोलाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि सही केली. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

ठरल्याप्रमाणे मी सोमवारी सकाळी घरीच थांबले. संजूने फोन लावला, मोडेमने आपलं किंचाळणं-घुरघुरणं केलं आणि पान आलं. वरची चौकट तशीच होती. पान शाबूत होतं. आता पोरं यायची तेवढी बाकी.

पोरं येईनात. उसाचा हंगाम. रस्त्यावर बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, आणि कारखान्याच्या वळणावर एक ट्रॉली कलंडली की अख्खा रस्ता उसाचा. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मी दारात आणि पुन्हा आत, दारात आणि पुन्हा आत. संजू म्हणाला, "वहिनी, बसा की. तुमच्या चकरांनी बस लवकर येणार हाय का?" त्याच्यावर खेकसले. मला कशाची एवढी काळजी लागली होती, ते माझं मला समजत नव्हतं. गोट्या माझ्या नव्हत्या.

दहाच्या पुढे दारात दुधाचा टेंपो उभा राहिला. मागे कॅनांच्या मधे आमची बारावी सायन्स, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी, पुस्तक मांडीवर घेऊन ओव्हाळ सर. एसटी काटेवाडीपाशी अडकली होती. सरांनी सगळ्यांना उतरवून दुधवाल्याला हात केला होता. "बारामतीत पोचायला किती वेळ लागंल, अंदाज विचारला त्याला," सर उतरता उतरता म्हणाले. "त्यानं अंदाज खरा करायला लय जोरात आणलं."

पोरं कॉम्प्युटरभोवती गोळा झाली. खोलीभर दुधाचा वास. संजूने गोट्यांचं पान उघडायला घेतलं. वरचा भाग आला, एक घसरगुंडी आली, दुसरी अर्धी आली आणि सगळं थिजलं.

"आत्या!" मी ओरडले.

सासूबाई स्वयंपाकघरातून रिसीव्हर हातात घेऊन बाहेर डोकावल्या. "एवढी पोरं आली, चहाला दूध पुरायचं न्हाय म्हणून गवळ्याला फोन लावत होते गं."

बाहेर दुधाचा अख्खा टेंपो उभा होता. संजूने पुन्हा फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. सर घड्याळाचा हात पाठीमागे घेऊन उभे होते; कुणी विचारलं नव्हतं तरी. तिसऱ्यांदा मोडेम किंचाळलं. पान सावकाश उतरायला लागलं आणि या वेळी पूर्ण आलं. दोन घसरगुंड्या, दोन गोट्या, खाली तीन पर्याय: सपाट वाटेची, खड्ड्यातली, दोन्ही एकदम.

"सर, दाबू?" संजू म्हणाला.

"थांब. आधी अंदाज."

"सर, टाईम झालाय. कुठलंबी एक दाबतो, उत्तर तर येऊ द्या!"

"सगळ्यांचा झाल्याबिगर न्हाय."

आणि सरांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. पोरं घाईघाईने बोलत सुटली. सपाट. सपाट. खड्डा. एकदम. सपाट.  संजूचं बोट माऊसवर. होता होता सगळ्यांचं झालं आणि शेवटी दाराला टेकून उभी असलेली छाया राहिली. दोन वर्षं वर्गात होती. हजेरीला "हजर" म्हणायची, तेही दुसऱ्या हाकेला. तिचा आवाज कसा आहे हे मला नीट माहीत नव्हतं.

"छाया, तुला काय वाटतं?"

ती खाली बघत राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"सर, तिला न्हाय येत, सोडा की," एक पोरगा म्हणाला.

"यायचा प्रश्न न्हाय. वाटायचा प्रश्न हाय." सर गुडघ्यांवर हात ठेवून जरा वाकले. "सावकाश. विचार कर."

सावकाश! मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. त्याच घड्याळासाठी दुधाच्या टेंपोतून आला आणि आता सावकाश.  स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा आवाज आला, पण सासूबाईसुद्धा दारातच उभ्या होत्या.

"दोनी," छाया म्हणाली. मग जरा मोठ्याने, "दोनी संगंच पोचतील, सर."

"का गं?"

"निघताना सारख्याच होत्या ना. खाली जाते, तेवढीच वर येते. फिटंफाट."

"वा!" सर म्हणाले. असं म्हणाले, की मला वाटलं तेच उत्तर. "आता दाब रं."

संजूने दाबलं. पडदा पांढरा झाला. पांढराच राहिला. मग त्यावर चार ओळी आणि एका झगझगीत पुस्तकाचं चित्र उमटलं. संजूने वाचलं, "ही आवृत्ती आता उपलब्ध नाही म्हणतंय. नवीन इकत घ्या म्हणतंय."

त्याने मागे जाऊन पाहिलं, पत्ता पुन्हा घालून पाहिला. तेच पुस्तक, तेच चित्र. पोरांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी हळूच म्हणालं, "हिच्यामुळं."

ओव्हाळ सर इतक्या झटक्यात वळले की पुस्तक खाली पडलं. त्यांना चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "कोण बोललं? तिचा अंदाज ऐकायला थांबलो होतो आपण. ऐकला. काम झालं." छायाचा चेहरा रडवेला झाला होता. सरांनी पुस्तक उचललं, सासूबाईंना म्हणाले, "चहा झाला असंल तर द्या, माई." सगळ्यांनी गुपचूप चहा प्यायला.

परत जाताना मीही त्यांच्याबरोबर एसटीत. पोरं मागे, आम्ही पुढे. मी धुमसत होते. काटेवाडी मागे पडली तसा माझा तोल सुटला. "सर, वर्षभर त्या गोट्या जपल्या. एवढा आटापिटा केला. आणि हाता-तोंडाशी आलेलं घालवलंत. एका पोरीने अंदाज सांगितला नसता तर काय बिघडलं असतं?"

सर खिडकीबाहेर बघत होते. तसेच म्हणाले, "बावड्याच्या शाळेत चौथीला होतो मी. गुरुजींनी पेला भरून पाणी घेतलं, वर कागद ठेवला. म्हणाले, हा उलटा केला तर काय होईल? आन् रांगेनं एकेकाला विचारत आले. माझ्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरातले देव गेले, सगळं बदललं, पर वर्गात आमची जागा दारापाशी ती दारापाशीच. गुरुजी एकेकाला विचारत माझ्यापतुर आले. माझं उत्तर तयार हुतं. आन् त्यांनी पेला उलटा केला."

"मग?"

"मग काय. पाणी पडलं न्हाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"तुम्ही काय सांगणार होतात?"

"पडंल म्हणणार हुतो." सर हसले. "चुकलंच असतं, मॅडम. पर चुकायला तरी मिळालं असतं."

 माझा राग कुठल्या कुठे गेला.

"तुमच्याकडं पहिल्या शनिवारी ते पान उघडलं," सर पुढे म्हणाले, "आन् त्यानं विचारलं, तुला काय वाटतं? मी मुद्दाम काही दाबलंच न्हाय. नुसता बसून राहिलो. म्हटलं बघू, पुढं जातंय का. गेलं न्हाय. थांबलं माझ्यासाठी."

मला तो शनिवार आठवला. संजू मला आत येऊन म्हणाला होता, तुमच्या सरांना काही येत नाही वाटतं, नुसतेच बघत बसलेत.

उसाच्या गाड्यांमागे एसटी पुन्हा रेंगाळली. "सर," मी म्हटलं, "माझ्या मते एकदमच पोचतील. छायाचं बरोबर आहे."

इतक्या वर्षांतला माझा पहिला अंदाज. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलवली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ठिबकवाल्याकडून पीव्हीसी पाइप आणला, उभा चिरून त्याच्या दोन पन्हाळी केल्या, दोन्हींना सुरुवातीला सारखाच उतार दिला, पुढे एक सपाट ठेवली, दुसरी गरम करून मध्ये वाकवली. प्रयोगशाळेच्या टेबलावर सगळं मांडलं. पोरं जमली, शिपाई आला, भिंतीपलीकडून मी आले. सरांनी दोन्ही गोट्या वरच्या टोकाला धरल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांचे अंदाज घेतले. शिपायाचासुद्धा. छायाने या वेळी पहिल्याच हाकेला सांगितलं, तेच, दोन्ही एकदम. मीही तेच सांगितलं.

"झालं सगळ्यांचं?" सर म्हणाले. "सोडू?"

"थांबा सर." छाया म्हणाली. "तुमचा राहिला की."

सरांचा हात तसाच राहिला. ते तिच्याकडे बघत होते. मग गोट्यांकडे, मग पन्हाळीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मी आठ वर्षं त्यांच्या शेजारी शिकवत होते. त्यांना अंदाज विचारावा असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. सरांना बराच वेळ लागला. तास संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही. आम्ही सगळे थांबलो.

"सपाटीवरली," ते शेवटी म्हणाले.  "दुसरीला लांबचा पल्ला हाय ना."

आणि त्यांनी गोट्या सोडल्या. खड्ड्यातली वेग घेत खाली गेली, त्याच वेगात सुसाट वर आली आणि सपाटीवरचीच्या आधी टेबलाखालच्या डब्यात जाऊन खण्णकन वाजली.

पोरांनी एकच कल्ला केला. सर मात्र टेबलाची कड धरून स्टुलावर बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"छाया," ते म्हणाले, "चुकलो की गं मी."